एलईडी बल्ब मीच बसवले, आता मीच काढतोय

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका काकांचं पत्र आलं होतं, की रात्री हायवेला गाडी चालवायची सोय राहिली नाही, समोरून येणाऱ्या एलईडीने डोळे दिपतात, पोलिसांनी सरसकट सगळे एलईडी बंद करून टाकावेत. वाचलं, अर्धं पटलं, अर्धं नाय पटलं. लिहायला बसलो कारण या विषयात मी काय बाहेरचा माणूस नाही. लांज्याच्या बाजूला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं दुकान आहे, वायरिंग, सेल्फ, डायनामो, हॉर्न, हेडलाईट, बावीस वर्षं हेच करतोय, आणि त्या काकांचे डोळे दिपवणारे जे बल्ब आहेत ना, त्यातले चार-दोन नक्की माझ्या हातचे असणार.

गेल्या ऑगस्टातली गोष्ट सांगतो. पाऊस लागून राहिलेला, बायकोला मागे बसवून सासुरवाडीहून परत येत होतो, रात्रीचे साडेआठ असतील. हायवे सोडून आत वळलं की आमचा रस्ता म्हणजे एक गाडी जाईल एवढंच डांबर, एका बाजूला जांभ्याचा गडगा, दुसऱ्या बाजूला गटार, पांढरी पट्टी नाय की रिफ्लेक्टर नाय. मोरीच्या अलीकडे समोरून गाडी आली आणि पांढराफटक उजेड, वरून डोळ्यात तो डोळ्यात, शिवाय ओल्या रस्त्यावरून उलटून खालून परत डोळ्यात. मी अप्पर-डिप्पर करून खुणावलं, परत खुणावलं, समोर काही फरक नाय. नंतर कळलं तो बिचारा डिप्परवरच, म्हणजे खालच्या झोतावरच होता. ब्रेक दाबला, पुढचं चाक साईडपट्टीच्या चिखलात गेलं आणि आम्ही दोघं स्कूटरसकट गटारात. लागलं फार नाही, बायकोचं कोपर सोलवटलं आणि माझा गुडघा अजून पाऊस आला की आठवण करून देतो.

गाडी थोडी पुढे जाऊन थांबली, माणूस चांगला, छत्री न घेता धावत आला, हाताला धरून आम्हाला वर काढलं. मागच्या लाल दिव्यात मी नंबर वाचला आणि गप्प झालो. आठ दिवसांपूर्वी त्या गाडीत एलईडी मीच बसवला होता. अठराशे रुपये घेतलेले, वर चहा पाजलेला, "आता रात्रीचा दिवस झाला बघा दादा" असं म्हणून निरोप दिलेला. आणि तो भर पावसात मला काय म्हणतो, "खरं सांगू का भाऊ, पावसात मला पण यात काय दिसत नाय हो, आधीचा पिवळा बरा होता."

म्हणजे मी आंधळा आणि तोही आंधळा, अठराशे रुपये तेवढे माझ्या खिशात.

दुसऱ्या दिवशी दुकानात दोन्ही बल्ब समोर ठेवून बसलो. बावीस वर्षं जे हाताळलं ते नीट बघितलंच नव्हतं असं वाटलं, म्हणून वाचकांना पण सांगतो, हे कळलं की पुढचं सगळं कळतं. जुन्या गाड्यांत जो साधा एचफोर हॅलोजन बल्ब असतो त्यात आत दोन तारा असतात. मागची तार अप्परची, पुढची डिप्परची. डिप्परच्या तारेखाली धातूची एवढीशी वाटी असते, नखाएवढी. ती वाटी तारेचा उजेड रिफ्लेक्टरच्या, म्हणजे हेडलाईटच्या आतल्या चकचकीत आरशाच्या, खालच्या अर्ध्या भागावर पडूच देत नाही, कारण तिथून उलटलेला उजेड वर जातो, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात. फक्त वरच्या अर्ध्या भागावरचा उजेड उलटतो आणि तो खाली रस्त्यावर येतो. त्यातही डाव्या बाजूला उजेडाची कड थोडी वर चढवलेली असते, आपण डावीकडून चालतो ना, म्हणजे कडेचा माणूस, गुरं, गडगा दिसावा आणि उजवीकडून येणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून. हे सगळं गणित त्या केसाएवढ्या तारेच्या जागेवर बसवलेलं, तार तिथेच पाहिजे, त्याच आकाराची पाहिजे.

आता एलईडी बल्ब घ्या. तार नाय, एक चपटी पट्टी आणि तिच्या दोन्ही अंगाला उजेड देणारे पिवळे चौकोन चिकटवलेले. तार चहूबाजूंनी उजेड फेकते, हे दोनच बाजूंना. पट्टीला जाडी असते म्हणून उजेडाची जागा एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होते, बल्ब बसवायची कॉलर थोडी फिरली की अजून होते. वाटीची नक्कल म्हणून पत्र्याचा एक तुकडा लावलेला असतो, कधी नीट असतो, कधी नुसता नावाला. इथला एक मिलिमीटर म्हणजे काय हे दुकानात कळत नाही, पन्नास फुटांवर स्कूटरवाल्याच्या डोळ्यात कळतं. आणि खोक्यावर काय लिहिलेलं असतं, दोनशे वॅट, वीस हजार ल्यूमेन (ल्यूमेन म्हणजे उजेडाचं माप)! एचफोर हॅलोजनचा डिप्पर ५५ वॅटचा, उजेड साधारण १००० ल्यूमेन, अप्पर ६० वॅट आणि १६५० ल्यूमेन, एवढाच असतो आणि तेवढ्यावर रिफ्लेक्टर बनवलेला असतो. मी त्या दोनशे वॅटवाल्याला मीटर लावला तर दोन-सव्वादोन अँपिअर, म्हणजे पंचवीस-तीस वॅट. खोक्यावर लिहायला काय जातंय.

मग तो जास्त पांढरा का दिसतो? एक तर रंग. हॅलोजन पिवळसर, साधारण ३२०० केल्विन (हे उजेडाच्या रंगाचं माप), हे बाजारातले सहा-साडेसहा हजाराचे, निळसर झाक असलेले, तसला उजेड डोळ्यात जास्त टोचतो, त्यात वय झालेल्या माणसाला, मोतीबिंदू धरत आलेल्याला तर समोर नुसता धुरळा दिसतो. दुसरं म्हणजे उजेड पसरतो, गाडीच्या पुढे दहा-पंधरा फुटांवर रस्ता लख्ख होतो आणि चालवणाऱ्याला वाटतं वा काय दिसतंय. पण जवळ लख्ख दिसलं की डोळा त्या उजेडाला सरावतो आणि लांबचं उलट काळं पडतं. आणि पावसात रस्ता आरसा होतो, उजेड आपल्याकडे परत येतच नाही, पुढे निघून जातो समोरच्याकडे. आता आपल्याकडे जून ते सप्टेंबर दुसरं असतं काय. आंबा घाट, कुंभार्ली, गगनबावड्याचा करूळ घाट, आंबोली, धुक्यात आणि पावसात यातल्या कुठल्याही घाटात पांढरा एलईडी लावून बघा, समोर दुधाचा पडदा. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते, डोळे दिपून परत जाग्यावर यायला तीन सेकंद धरा, तेवढ्यात पन्नास मीटर गेलो आपण न बघता. आमच्या रस्त्यावर पन्नास मीटरात दोन वळणं असतात.

आता कायद्याचं. दुकानात रोज वाद होतो यावर. गिऱ्हाईक म्हणतं, "ऑनलाईन उघड विकतात, मग बेकायदा कसं?" दुसरा म्हणतो, "आरसी बुकात बल्ब कुठला ते लिहिलेलं असतं का?" नसतं, मान्य. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनात मनाने बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण सांगितलं की कंपनीने जशी बनवली त्याच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध जाऊन गाडीत बदल करता येत नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली, कलम १८२ अ, परवानगी नसलेला बदल केला, बाहेरून पार्ट बसवला तरी, तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि आरसीत नसलं तरी हेडलाईटवर लिहिलेलं असतं की! काचेच्या कोपऱ्यात बघा, बारीक उठावाची अक्षरं असतात, बऱ्याच गाड्यांवर एचसीआर असं असतं, त्यातला एच हॅलोजनचा, म्हणजे हे घर हॅलोजनसाठी पास झालंय, दुसरं काही आत घातलं तर ते पास झालेलं राहत नाही. मी स्वतः ही अक्षरं बावीस वर्षं फडक्याने पुसत आलो, वाचली गेल्या वर्षी.

अजून एक नियम आहे तो मला फार आवडला. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १०६. त्यात म्हटलंय की पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळवलेला पाहिजे, एवढा की दिव्यापासून ८ मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे आणि दीड मीटर उंचीवर कोणाचे डोळे असतील तर ते दिपता कामा नयेत. दीड मीटर म्हणजे पाच फुटाला एक बोट कमी, माझ्या बायकोच्या डोळ्याच्या जवळपास. मी दुकानापुढे टेप लावून तिला तिथे उभं केलं आणि एकेक गाडी दाखवली. कंपनीच्या हॅलोजनवाल्या गाडीला म्हणाली ठीक आहे, मी बसवलेल्या एलईडीवाल्या छोट्या हत्तीला तिने डोळ्यांवर पदरच घेतला. आरटीओचं मशीन नाही माझ्याकडे, पण ही परीक्षा पुरेशी झाली.

म्हणून त्या काकांना म्हणायचंय, काका, सरसकट एलईडी बंद करा म्हणू नका. ज्या गाड्यांना कंपनीतूनच एलईडी हेडलाईट येते तिचं भिंग, रिफ्लेक्टर, सगळं त्या एलईडीसाठी बनवून तपासलेलं असतं, ती कायदेशीर आहे आणि फोकस नीट असेल तर तिचा त्रास पण कमी. भानगड आहे ती हॅलोजनच्या घरात एलईडी घुसवण्याची. बाहेर पण हेच चाललंय. ब्रिटनमध्ये २०२१ पासून वार्षिक तपासणीत हॅलोजनच्या हेडलाईटमध्ये एलईडी घातलेला दिसला की कार नापास. जर्मनीत २०२० साली ऑस्राम कंपनीच्या एका एलईडी बल्बाला परवानगी मिळाली, पण ती कशी, गाडीचं एकेक मॉडेल तपासून यादी केलेली, तुमची गाडी यादीत नसेल तर तो बल्ब बसवायचा नाय. म्हणजे बल्ब आणि हेडलाईट यांची जोडी तपासायची असते, एकटा बल्ब कितीही भारी असून उपयोग नाही. आपल्याकडे बल्ब लग्नाला तयार, हेडलाईटची पत्रिका बघितलीच नाही, असं चाललंय.

आणि एलईडीवर सगळं ढकलून पण चालणार नाही. आमच्या हॅलोजनवाल्या गाड्या काय संत आहेत? हायवेला अप्पर मारून चालणारे सगळ्या रंगांच्या लाईटीत आहेत. डंपरवाले, आंब्याच्या सीझनला रात्री वाशीला पेट्या घेऊन पळणारे पिकअप, टपावर बार लाईट लावून फिरणारी पोरं. शंभर वॅटचे हॅलोजन लावणारे वेगळेच, त्यांचे होल्डर वितळलेले घेऊन येतात माझ्याकडे. आणि गणपतीत येणारे आमचे चाकरमानी! त्यांना एक विनंती आहे, मनावर घेऊ नका. डिकीत सामान, मागे चार माणसं, मखराचे खोके, गाडीचं बूड खाली आणि नाक वर, हेडलाईट थेट झाडावरच्या माकडाला दिसते. तुमच्या स्टिअरिंगच्या आसपास बहुतेक एक छोटं चाक असतं, ० १ २ ३ लिहिलेलं, कोणी हात लावत नाही त्याला. गाडी भरलेली असेल तर ते दोन किंवा तीनवर करायचं, झोत खाली येतो. फुकट आहे.

आता माणसं एलईडी का लावतात हे पण सांगायला पाहिजे, नाहीतर नुसता उपदेश होईल. हौसेने लावणारे थोडे. बाकीच्यांना खरंच दिसत नाही. गाडी दहा वर्षांची झाली की हेडलाईटची काच (काच कसली, प्लास्टिकच ते) पिवळी पडते, आतला रिफ्लेक्टर खाऱ्या हवेने मळतो, होल्डर गंजतो. परवा एका रिक्षाचं बघितलं, बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट, हेडलाईटच्या होल्डरवर पावणेबारा. व्होल्ट एवढा पडला की हॅलोजनचा उजेड तिसऱ्या हिश्शाच्याही वर कमी होतो, आणि माणूस म्हणतो बल्ब बदल. बल्ब नाही, वायर बदलायची होती. जाड वायर, चांगला रिले आणि फ्यूज, काच घासून पॉलिश, दोन्ही बाजूंना कंपनीचा नवीन हॅलोजन जोडीने, आणि फोकस सेट, एवढ्यात ऐंशी टक्के गिऱ्हाइकं खूश होतात. फक्त गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला माझा हात पण लावून घेऊ नका, कंपनीत न्या.

एलईडीचं दुखणं इथेच संपत नाही. हॅलोजनची उष्णता पुढे काचेकडे जाते, एलईडीची मागे, म्हणून त्याच्या बुडाला पंखा असतो. मागची रबरी टोपी मग बसत नाही, आम्ही मेकॅनिक लोक ती कापतो, हो, मी पण कापल्यात, आणि तिथून पावसाळ्यात दमट हवा आत जाते, काचेवर घाम धरतो, रिफ्लेक्टरची चंदेरी निघते. पंखा समुद्राच्या हवेत वर्ष-दीड वर्षात जाम होतो, बल्ब लुकलुकायला लागतो. हेडलाईट लावली की रेडिओत खरखर येते अशी तक्रार घेऊन एक गुरुजी आले होते, रत्नागिरी आकाशवाणी लागत नाही म्हणून, मी एरियल बदलून दिली, शेवटी निघाला एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला करंट देणारं सर्किट. एरियलचे पैसे परत केले.

मग करायचं काय? नुसत्या पावत्या फाडून होणार नाही. नाक्यावर पोलीस फाडणार कोणाची तर स्कूटरवाल्याची आणि रिक्षावाल्याची, विकणाऱ्याला कोणी विचारत नाही. खोक्यावर 'फक्त ऑफ रोडसाठी' असं मुंगीएवढ्या अक्षरात छापायचं आणि भर बाजारात विकायचं हे बंद व्हायला पाहिजे, आणि त्यात माझ्यासारख्या बसवून देणाऱ्याला पण धरा, माझी हरकत नाही. दुसरं, रिक्षा-टेम्पोला पासिंगला हेडलाईट बघतात तरी, खासगी गाडीला एकदा रजिस्टर झाली की पंधरा वर्षं कोणी विचारत नाही. पीयूसी काढायला सगळे येतात, तिथे एक भिंत आणि एक रंगाची रेघ असली तरी फोकस बघता येतो. तिसरं माझ्या मते सगळ्यात मोठं, सार्वजनिक बांधकामवाल्यांनी आतल्या रस्त्यांना कडेच्या पांढऱ्या पट्ट्या मारा, मोरीला, वळणाला रिफ्लेक्टर लावा. हायवेला कडेची पट्टी असते, डोळे दिपले तर माणूस डावीकडच्या पट्टीवर नजर ठेवून निघून जातो. आमच्याकडे डावीकडे बघायचं तर गटार, ते पण गवतात झाकलेलं. पट्टी दिसली असती तर निम्म्या लोकांनी माझ्या दुकानात एलईडी मागितलाच नसता.

फोकस घरी बघायची रीत सांगतो. सपाट जागा पाहिजे, आपल्याकडे तीच मिळायची मारामार, शाळेचं पटांगण बघा. टायरात हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस. भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करायची, जमिनीपासून हेडलाईटच्या मधोमध किती उंची ते मोजायचं, तेवढ्याच उंचीवर भिंतीला खडूने रेघ मारायची, आणि डिप्पर लावायचा. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या ३ इंच खाली पडली पाहिजे, डाव्या बाजूला थोडी चढलेली. कड दिसतच नसेल, सगळी भिंतच उजळली असेल, तर तुमच्या हेडलाईटमध्ये बहुतेक माझ्यासारख्याने कलाकारी केलेली आहे.

माझ्या दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर मी आता ही रेघ ऑईलपेंटने मारून ठेवलीय. मी बसवलेले एलईडी कोणी परत आणले तर काढून हॅलोजन बसवून देतो, बल्बाचे पैसे घेतो, मजुरी घेत नाही. आतापर्यंत अकरा गाड्या आल्या. पहिली आली ती त्याच दादांची, ज्यांनी आम्हाला गटारातून वर काढलं. आठवे होते एक रिटायर्ड एसटी ड्रायव्हर, त्यांच्या मुलाने लावलेला एलईडी. काढल्यावर रेघेसमोर गाडी लावून बराच वेळ भिंतीकडे बघत बसले, मग म्हणाले, "आमच्या डेपोत पण भिंतीवर अशीच रेघ होती रे." ती रेघ कधी पुसली गेली ते विचारायचं राहून गेलं.

आपला,
एक गॅरेजवाला, लांजा

ता.क. गणपतीच्या आधी आठ दिवस दुकान रात्री नऊपर्यंत उघडं आहे, फोकस बघायला पैसे नाहीत. सपाट जागा एकाच गाडीची आहे, त्यामुळे हॉर्न मारू नका.